महिपतीला जामीन कोण राहणार

अंबरनाथ, १९९७

प्रिय हेमचंद्रदादा,

तू अमेरिकेहून पाठवलेला कॉम्प्युटर कसा चाललाय, असं तू दर फोनला विचारतोस. झकास चाललाय. कोर्टाने नेमलेली ही गरिबांची फुकट वकील आता चहा निवायच्या आत जामिनाचा अर्ज छापते.

महिपतीचाही तसाच छापला. कारखान्यातली तांब्याची तार चोरल्याचा त्याच्यावर आळ आहे. जामीन लगेच मंजूर झाला, पण स्वतःचं घर असलेला कुणीतरी त्याला जामीन राहायला हवा. त्याच्या झोपडपट्टीत घर कुणाच्याच नावावर नाही. शेजारच्या मोरिवली गावात स्वतःची घरं असलेले म्हणतात, घाटावरून आलेल्या माणसाची हमी आम्ही का घ्यावी? मी त्याची वकील, मला जामीन राहता येत नाही. तो अजून तुरुंगातच आहे.

त्याची बायको रखमाबाई आज बराच वेळ कॉम्प्युटरकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "ताई, यातनं एखादा जामीनदार निघंल का वो?"

काय सांगू रे तिला?

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तुझा जीव कळवळेल आणि तू याहून मोठा कॉम्प्युटर पाठवशील.

तुझी,
वृंदा