मयताच्या नावावरची जोडणी

३ नोव्हेंबर
आले एकदाची दहिवडीला! सांगलीत आई म्हणत होती, माण तालुक्यात काय ठेवलंय, धूळ आणि मेंढरं. पण जवळच्या वाडीत दोन खोल्यांचं झकास घर मिळालंय. दुसरी किल्ली आईला देऊन आलेय, महिनाअखेरीस तीही येईल. बाबा गेल्यापासून तिला माझ्याशिवाय आणि मला तिच्याशिवाय कोण आहे?

काम मजेचं. घरोघरचे विजेचे नवे स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांनी वापर कळवतात, तो मी ऑफिसात बसून गोळा करते. सगळं सांकेतिक कुलुपात. कुणाच्या घरात काय चाललंय ते चोराला कळायला नको. मला मात्र आकड्यांवरून गीझर कुठला, विजेची शेगडी कुठली, बरोबर ओळखू येतं.

७ नोव्हेंबर
आमच्या आळीतली चार घरं बंद आहेत. म्हातारी माणसं वारली, मुलं मुंबईला. तरी रोज दिवेलागणीला चारही मीटरवर एकेक जुना, साठ वॅटचा पिवळा दिवा उमटतो. शेजारच्या मुक्ताबाई कमरेला किल्ल्या खोचून जातात आणि लावतात. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, माणूस गेलं तरी घर सुटत न्हाई, बाय. दिवा दिसला की जागच्या जागी बसतंय. मला हसूच आलं.

१२ नोव्हेंबर
चारही जोडण्या मयताच्या नावावर निघाल्या. मेलेल्यांची माहिती गोळा करून काय लोणचं घालायचंय? ऑफिसातूनच बटण दाबून तोडल्या. मुक्ताबाई दारात येऊन नाही नाही ते बोलल्या, मग रडल्या. वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

१४ नोव्हेंबर
काल दिवेलागणीला माझ्याच घराच्या मीटरवर एक पिवळा दिवा. मी ऑफिसात, घराला कुलूप. आणि माझ्याकडे तसला दिवाच नाही, सगळे नवे, पांढरे. मीटर बिघडला असणार. बदलून घेतला.

१५ नोव्हेंबर
नव्या मीटरवर दोन.

१७ नोव्हेंबर
चार. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. सगळ्या जोडण्या परत दिल्या, मुक्ताबाईंनी चारही घरांत दिवे लावले. माझ्या मीटरवरचे हलले नाहीत. मुक्ताबाई म्हणाल्या, आता त्यास्नी तुजं घर गावलंय.

दहिवडीत मैत्रिणीकडे झोपतेय. आईला फोनवर सांगितलं, येऊ नकोस. कारण सांगता येईना.

१८ नोव्हेंबर, ऑफिस
दिवेलागण. माझ्या मीटरवर चार पिवळे. आणि शेगडी—

शेगडी कोण लावेल? आई. मी आजारी असेन म्हणून धावत आली असणार—

फोन लागला. खुशीत आहे. म्हणाली, तुझ्या आळीतली चार म्हातारी माणसं दारात उभी होती गं. तिन्हीसांजेला कुणाला दारातून परत लावायचं का? आत घेतलं, चहा टाकलाय. मी ओरडले, आधी बाहेर पड— फोन बंद.

मुक्ताबाईंना फोन करून घराकडे पळवलं. म्हणतात, दार आतनं लावलंय, उजेड हाय, हाका मारून ओ न्हाई. गाडी मागवलीय. अजून येत नाही—

शेगडी बंद झाली. चार दिवे तसेच.

पुढचा आकडा आत्ता येईल. आई यमाई, चारच असू देत. चारच—

आला. पाचवा पिव—