गव्हाच्या मुळांत सापडलेल्या गोळ्या

प्रिय सोनालीचे पप्पा,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. मी रागात आहे.

आज सकाळी तुमचे भाऊ विलास अंबाडीहून आले. चहा हातात घेतला आणि थेट गॅलरीत डोकावले. "वयनी, दादाचे गव्हाच्या गवताचे ट्रे हायत ना अजून? मला द्या. ती इन्सुलिनची सुई आता बंदच करतो."

"भावजी, वेड लागलंय का?"

"दादा रोज गोळी खात व्हता, तरी शुगर चढून गेला. मंग गोळ्यासुयांचा उपेग काय? दादानी गवत उशिरा सुरू केलं, इतकंच."

वर्षभर ज्या गोष्टीवर मी गप्प आहे, तिचं हे पीक!

सुरुवात तुमच्या त्या गवताच्या रसवाल्याने केली. मैदानाबाहेर टेबल टाकून उभा असायचा. "सेठ, तीन महिना पियो, गोली फेंक दो!" वडपे गावच्या गोदामात दिवसभर शिव्या खाणाऱ्या सुपरवायझरला कुणी सेठ म्हटलं, झालं! लागलीच पुस्तिका घेऊन घरी.

ती वाचून दाखवली मीच. चौथीत शाळा सुटलेली मी, बुद्धविहारातल्या कपाटातली पुस्तकं वाचत शिकले. छापलेलं खोटं असेल असं मनातही येत नसे. एकाच गवताने मधुमेहापासून टकलापर्यंत सगळं बरं होतं म्हणे! हसायला हवं होतं. मी पेन्सिलीने रेघा मारल्या.

मग सात ट्रे, सात वार. गहू भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मातीत पसरायचे. वीतभर झालं की कात्रीने कापा, मिक्सरमधून काढा, मांजरपाटाच्या फडक्यातून गाळा. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटात तुमची झोप मोडायची नाही, पण माझा मिक्सर वाजला की उठून बसायचात!

रसाला मी दोष देत नाही. पाला आहे, पालेभाजीइतका पोटाला बरा. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "आवडतो तर प्या, पण त्याने शुगर बरी होत नाही. गोळी सोडायची नाही." तुम्ही मान डोलावलीत. किती छान डोलवायचात!

रोज सकाळी एका हातात पेला, दुसऱ्या हातात गोळी. तुम्ही दोन्ही घेऊन गॅलरीत जायचात. "हिरवळीसमोर प्यायलं की बरं वाटतं गं." मी मागून ओरडायची, "गोळी घेतली?" "घेतली गं बाई, हवालदार आहेस का?" मी हसायची. त्या हसण्याचीही आता लाज वाटते.

तुम्हाला दवाखान्यात नेलं त्या दिवशी मशीनवर आकडाच उमटेना, इतकी साखर चढलेली. तुम्ही शुद्धीत नव्हतात. डॉक्टरांनी विचारलं, "औषधं चालू होती ना?" मी छाती ठोकून सांगितलं, "रोज माझ्या हाताने देते!"

तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांनी ट्रे उलटे केले. मुळांची चटई निघाली, आणि त्यात गोळ्या. काही चुन्यासारख्या पसरलेल्या, काही अख्ख्या. सातही ट्रेंत. मी त्यांना रोज पाणी घालत होते!

का हो? गोळीला घाबरत होतात, तर सांगायचं होतंत. भांडले असते, रडले असते, दवाखान्यात नेलं असतं. पण तुम्हाला माझ्याशी भांडण्यापेक्षा मला फसवणं सोपं वाटलं. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर!

आणि मी काय केलं? माती गोणीत भरली आणि कचऱ्यात टाकली. गेलेल्या माणसाचं खोटं कशाला बाहेर काढायचं, असं वाटलं. सोनालीलासुद्धा बोलले नाही. तुमची अब्रू मी जपली, आणि तिच्यापायी आता तुमचा भाऊ सुई सोडायला निघालाय.

तुम्ही हे वाचणार नाही. आपण आत्माबित्मा मानत नाही. तरी आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं.

रविवारी तुमचा वर्षाचा कार्यक्रम आहे. वंदना झाली की सगळे बोलतील, किती शिस्तीचा माणूस होता. मग मी उठेन आणि सगळ्यांसमोर सांगेन की यांनी गोळ्या मातीत पुरल्या होत्या. तुमची मान खाली जाईल. जाऊ दे. भावजींनी तरीही ऐकलं नाही, तर अंबाडीला जाऊन राहीन आणि सुई टोचून होईपर्यंत समोरून हलणार नाही.

तुमच्या वेळी मी नुसतं विचारत राहिले. तोंड उघडून दाखवा, असं एकदाही म्हटलं नाही.

जय भीम.

तुमची,
सुलभा