कुत्रा शेतावर असतो

ईसाफ्योर्डूर,
जानेवारीतला दुसरा रविवार

प्रिय सोलरूनताई,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, आकुरेरीच्या तुमच्या चढावर बर्फ किती साठला आहे आणि मांजरीने ते नवं खाणं अखेर पसंत केलं का, हे सगळं मी मनापासून विचारतो आहे, पत्र सुरू करायचं म्हणून नाही. माझी तब्येत ठीक आहे. वजन थोडं उतरलं आहे, पण आयुष्यभर बंदरावरच्या काट्यावर दुसऱ्यांची मासळी तोलली, तेव्हा आता स्वतःच्या वजनाची तक्रार करणं बरं दिसत नाही. खिंडीतला रस्ता आज उघडा आहे. (हे वाक्य पुढे कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.)

तुमचं नाताळचं कार्ड मिळालं. गेल्या मार्चमध्ये तुमच्या बहिणीला, स्टेइनुनला, पोचवून आल्यावर चर्चच्या सभागृहात सगळे कॉफी घेत होते, तेव्हा कोळंबीच्या केकपाशी उभ्या राहून तुम्ही मला विचारलंत, "ह्याल्मार, एक फोन उचलायला किती ताकद लागते रे?" त्यानंतर तुमच्याकडून आलेला हा पहिलाच मजकूर. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मी तिच्यावर चार ओळी लिहिल्या होत्या (लोक आपल्या माणसावर पानभर लिहितात, हे मला माहीत आहे). ती वेळेची पक्की आणि स्वभावाने शांत होती, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही कुणाला तरी म्हणालात, की हे बायकोवर लिहिलंय की बसवर? तेही माझ्यापर्यंत पोचलं. तुमचं बरोबरच होतं. तरीही कार्डावर तुम्ही मलाच विचारलं आहे, की ह्या हिवाळ्यात आलेल्या भुतांच्या सिनेमांपैकी कोणते बघावेत आणि कोणते टाळावेत, आता सांगायला ती नाही, आणि तिच्या शेजारी बसत तर तूच होतास. कार्ड मी फ्रिजवर लावलं आहे.

आता, मी तिच्या शेजारी कसा बसत होतो हे तुम्हाला पुरतं माहीत आहे. माझ्या साठीच्या जेवणात तुम्ही त्यावर भाषण केलं होतंत. तिला भुतांच्या सिनेमाचं वेड, आणि मला साधं मांजर अंगावर आलं तरी धडकी भरते. म्हणून दर गुरुवारी पाचच्या खेळाला आम्ही जायचो, दिवे मालवले की मी डोळे मिटायचो, आणि ती कानाशी लागून सांगायची. आता ती जिना उतरतेय. आता मागे कुणीतरी आहे. मिटलेलेच ठेव. अजून. अजून. हं, झालं, उघड. हे 'झालं, उघड' ऐकलं की मी डोळे उघडायचो, तेव्हा पडद्यावर सकाळ झालेली असायची आणि कुणीतरी घोंगडी पांघरून बसलेलं असायचं. असे आमचे संसारातले बहुतेक गुरुवार गेले. मग रविवारी ती तुम्हाला फोनवर सांगायची, हा बघ, हा टाळ. तेवढ्यावर तुम्ही तिकडे तिकीट काढायचात. तेव्हा ज्या माणसाने एवढ्या वर्षांत फक्त पडद्यावरच्या सकाळी पाहिल्या, त्याचं मत तुम्ही मागवलं आहे, हे ध्यानात घेऊन पुढचं वाचावं.

पहिला, तळघराचा सिनेमा. टाळा. एक कुटुंब जुनं घर विकत घेतं आणि सगळे आळीपाळीने तळघरात जातात. माझी मुख्य हरकत अशी, की एकालाही दिवा लावायचं सुचत नाही. (बटणाचा आवाज एकदाही आला नाही. मी तेवढंच ऐकत होतो.) बाकी मला फार सांगता येणार नाही, कारण नेहमीप्रमाणे मी डोळे मिटले आणि मग लक्षात आलं, की आता उघड म्हणणारं कुणी नाही. किंकाळी आली, मी मिटलेलेच ठेवले. संगीत आलं, म्हटलं हा सापळा असेल. मग बराच वेळ शांतता, आणि अनुभवी माणूस शांततेला जास्त घाबरतो. शेवटी काहीतरी खरखरत माझ्याच दिशेने येऊ लागलं, ओळीओळीने, जवळ जवळ. तो एर्लिंगूर होता. थिएटर त्याचंच, आणि झाडूही तोच मारतो. तो म्हणाला, "ह्याल्मार, सिनेमा संपून पंधरा मिनिटं झाली. घरी सोडू का तुला?" मी नको म्हटलं. त्याने माझ्या पायाखालचं तसंच ठेवून पुढची ओळ झाडायला घेतली.

दुसरा मठाचा, स्पेनमधला. टाळा, किंवा बघायचाच असेल तर बरोबर तेलाची बाटली घेऊन जा, कारण त्या मठात एकही बिजागरी धड नाही. ह्या खेपेला मी एक युक्ती केली होती. लोक मक्याच्या लाह्या खायचे थांबले की संकट, आणि पुन्हा खाऊ लागले की झालं, उघड. युक्ती चांगली होती, पण माझ्या मागे बेकरीतली बाई बसली होती, आणि तिच्यावर कशाचाच परिणाम होत नाही. ती भर खुनात खात होती. मी त्या आवाजावर विसंबून डोळे उघडले आणि जे दिसायला नको होतं ते दिसलं. त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो, की तिच्या पावाची चव मला अजून पहिल्यासारखी लागत नाही.

तिसरा मात्र नीट वाचा, कारण हे पत्र लिहायला मी खरं तर त्याच्यामुळे बसलो आहे. मेंढ्यांच्या बेटाचा दुसरा भाग. पहिला भाग काही वर्षांपूर्वी आला होता, आयर्लंडजवळचं एक बेट, एक मुलगी आणि तिचा काळा कुत्रा. तो मला फार आवडला होता. म्हणजे स्टेइनुनने सांगितला तो. बेटावर काहीतरी वाईट आहे म्हणून घरचे लोक बोटीने निघून जातात आणि कुत्र्याला काकाच्या शेतावर ठेवतात, तिथे तो चुलीजवळ झोपतो. दुसरा भाग लागला तेव्हा मी त्या कुत्र्यासाठी गेलो. मध्यंतरापर्यंत डोळे मिटून भुंकण्याची वाट पाहिली. मेंढ्या ओरडल्या, वारा ओरडला, माणसं तर ओरडलीच, कुत्रा नाही. मध्यंतरात सगळे कॉफीच्या रांगेत उभे होतो. एर्लिंगूरची बायको उन्नूर किटली घेऊन होती. मी तिला विचारलं, की कुत्रा कधी येतो?

तिने विचारलं, कोणता कुत्रा. मी म्हटलं, पहिल्या भागातला, काकाच्या शेतावर असतो तो. तिने किटली खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. एर्लिंगूरने घसा साफ केला. तो म्हणाला, "अरे, तो विहिरीत गेला ना. पहिल्या अर्ध्या तासातच. सगळं थिएटर रडलं होतं, तू पण होतास की." मी म्हटलं, स्टेइनुन म्हणाली होती की तो शेतावर आहे. बेकरीतली बाईसुद्धा खायची थांबली. मग उन्नूरने माझ्या कपात न विचारता आणखी एक साखरेचा खडा टाकला आणि म्हणाली, "स्टेइनुन म्हणाली असेल तर शेतावरच असेल."

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, मी चार लोकांत प्रश्न विचारणारा माणूस नाही. पण त्या दिवशी जुन्या सगळ्या सिनेमांतल्या माणसांबद्दल विचारत सुटलो. दीपगृहाचा तो रखवालदार, ज्याने शेवटी बायकोबरोबर मासळीचं दुकान टाकलं? एर्लिंगूरने नाही अशी मान हलवली. त्या जुळ्या मुली, ज्यांना आगगाडी वेळेवर मिळाली? मान हलवली. ती शाळामास्तरीण, जिचा फक्त पाय मुरगळला? त्याने टोपी काढून हातात घेतली. तेव्हा मी थांबलो. (माझ्यामुळे त्या दिवशी मध्यंतर लांबलं. एर्लिंगूर कधी कुणासाठी खेळ थांबवत नाही.) म्हणजे ताई, मी शेजारी डोळे मिटून बसलो असताना तिने कुजबुजत कुजबुजत एक अख्खं खेडं वाचवलं होतं. कुणाला काही न सांगता, आणि वर स्वतः डोळे उघडे ठेवून ते सगळं बघत.

घरी आल्यावर मला दुसरं आठवलं. मेंढ्यांच्या बेटाचा पहिला भाग तिने तुम्हाला टाळायला सांगितला होता. मी बटाटे सोलत होतो आणि ती फोनवर म्हणत होती, कंटाळवाणा आहे, तू नको जाऊस. त्या वर्षी तुमचा कुत्रा स्नाटी गेला होता. मग मी आणखी आठवू लागलो, आणि दुसऱ्या दिवशी एर्लिंगूरकडे जाऊन खात्री केली. ज्या ज्या सिनेमात जनावराला किंवा लहान पोराला काही झालं, तो तो तुमच्यासाठी कंटाळवाणा ठरला होता.

आता गेल्या फेब्रुवारीचं लिहितो. हे मला बोलून सांगता आलं नसतं. केकपाशी तर नाहीच. ती इस्पितळात असताना तुमचा रविवारचा फोन आला, तेव्हा मी खुर्चीवर होतो. ती तुम्हाला म्हणाली, "नुसत्या तपासण्या चालल्यात. फार कंटाळवाणं आहे. तू येऊ नकोस, बघण्यासारखं काही नाही." तुम्ही तो आवाज ऐकला आहे. मीही ऐकला होता, आणि ओळखला नाही. मला ती सांगत होती, की वसंतात बदकं किनाऱ्यावर परततील तेव्हा आपण स्वयंपाकघराच्या खिडकीत असू, डॉक्टरच तसं म्हणाले. मी डॉक्टरांना विचारलं नाही. तिने सांगितलं होतं ना. तुम्हाला वाटलं, मी जाणून होतो आणि कळवलं नाही. ताई, तुम्हाला जेवढं माहीत होतं त्यापेक्षा माझ्याकडे फक्त बदकं जास्त होती.

शेवटच्या दुपारी ती म्हणाली, खाली जाऊन कॉफी घेऊन ये, सकाळपासून काही खाल्लं नाहीस, सावकाश पी. मी गेलो. कॉफी घेतली, एक तळलेला गोड क्लाइना खाल्ला, ती म्हणाली होती म्हणून सावकाश खाल्ला. वर आलो तेव्हा परिचारिकेने खिडकी उघडली होती, माणूस गेल्यावर उघडतात तशी. तुम्ही तिथे नव्हतात आणि मी होतो, असं तुम्ही वर्षभर धरून चालला आहात. मीही नव्हतो. तिने आपल्या दोघांनाही तो भाग बघू दिला नाही. फक्त ह्या वेळी 'झालं, उघड' म्हणायला मागे कुणी उरलं नाही, त्यामुळे मला वाटतं आपण दोघं अजून तसेच बसलो आहोत, तुम्ही तिकडे आणि मी इकडे.

चौथा सिनेमा जपानमधला. बघा. हा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून पाहिला, म्हणजे माझं ह्या पत्रातलं एकमेव अधिकृत मत हेच. एका माणसाची वारलेली बायको ओल्या सपाता घालून घरात परत येते. तो किंचाळतो, शेजारी किंचाळतात, सगळे जिन्यावरून पळतात, आणि ती बिचारी दारात उभी. लोक पळतात का हे मला कळलं नाही. पूर्वी कदाचित कळलं असतं. मी असतो तर तिला आत घेतलं असतं, सपाता घर गरम ठेवणाऱ्या नळ्यांवर वाळत घातल्या असत्या आणि कॉफी ठेवली असती. बेकरीतल्या बाईला मी जाताना हे सांगितलं. ती म्हणाली, "तू भुतांच्या काही कामाचा राहिला नाहीस, ह्याल्मार." आणि उरलेल्या लाह्या माझ्या हातात दिल्या.

प्रकृतीला जपा. मांजरीला माझा नमस्कार सांगा, तिला चालत असेल तर.

तुमचा,
ह्याल्मार

ता. क. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी बुडालेल्या खलाशांचा एक नॉर्वेजियन सिनेमा लागतो आहे. एर्लिंगूरने नेहमीच्या दोन खुर्च्या राखून ठेवल्या आहेत, डावी तिची. रस्ता उघडा आहे हे मी वर लिहिलंच आहे, आणि बंद झाला तर विमान आहे. पलीकडच्या खोलीत बिछाना घातला आहे. तुम्ही याल का? डोळे कुणी मिटायचे आणि कुणी सांगायचं, ते तिथे बसल्यावर ठरवू.

आणखी एक. पहिल्या दोन सिनेमांबद्दलच्या माझ्या मतांवर फार विसंबू नका. तुम्हाला बघायचे असतील तर बघा. तळघरात कदाचित दिवा असेलही.

आणि हे राहिलंच होतं. मेंढ्यांच्या बेटाचा दुसरा भाग तुम्ही नक्की बघा. मध्यंतरानंतर मी डोळे उघडून बसलो होतो, अगदी शेवटच्या नावांपर्यंत. कुत्रा आहे. काकाच्या शेतावर असतो, चुलीजवळ झोपतो. थोडा जाड झाला आहे, एवढंच.