खांब चोरीला जाण्याची व्यवस्था

१८ एप्रिल १९५१
आमचा बव्हेरिया जर्मनीतून फुटून दोन वर्षं झाली. नदीपलीकडे अजून बर्लिनच्या मार्शलची हुकूमशाही. जावई वेंडेलिन तिकडचा. फुटू नका म्हणाला, म्हणून मी त्याला मार्शलचा कुत्रा म्हणालो. आफ्रा, माझी मुलगी, नवऱ्याबरोबर उठून गेली. मग लढाई पेटली, पूल बंद. मला तिची आठवण येत नाही. निदान आजपासून नाही.

२१ एप्रिल
एक मेच्या सणाचा खांब तासून झाला. उभा करण्याआधी शेजारच्या गावाने तो चोरायचा, आम्ही बिअर-जेवण देऊन सोडवायचा, ही जुनी रीत. वेंडेलिन त्यात पटाईत. प्लॅन: खांब काठावर टाकायचा, राखण नाही. वेंडेलिन आणि त्याचे पलीकडचे गाववाले तो तरंगत नेतील. मग जेवणाला आफ्रा येईलच. मी मोठ्या मनाने जावयाला माफ करीन.

२४ एप्रिल
दोन्ही काठांवर जायची परवानगी फक्त पाद्रीबाबांना. राखण नसल्याचं त्यांच्या कानावर घातलं. सहज, पुन्हा पुन्हा. बायको क्रेसेन्झ म्हणाली, "अहो, शिपायांना तरी सांगून ठेवा." मी म्हणालो, आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ही रीत ठाऊक असते. "मग सरळ पोरीला निरोप धाडा, चुकलो म्हणून. खांब कशाला मध्ये?" बायकांना राजकारण कळत नाही.

२७ एप्रिल
खांब जागेवरच. जड वाटला असेल. ढकलायला सोपं जावं म्हणून खाली ओंडके सरकवले. बिअरचं पिंप सांगितलंय.

२९ एप्रिल
रात्री आले. खांद्यावर दोर, हत्यार एकही नाही. आमच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. बाकीचे पोहत परतले. वेंडेलिनला गोळी लागली, खांबापाशीच गेला.

गोळी झाडणारा शिपाई शहरातला. त्याला म्हणालो, तुला रीत ठाऊक नव्हती? "आजोबा, लढाईत खांब कोण चोरतं हो?" म्हणाला आणि रडायला लागला.

कॉर्पोरलला सांगितलं, चूक शिपायाची. पाद्रीबाबांना सांगितलं, चूक युद्धाची. क्रेसेन्झने विचारायच्या आत बिअरचं पिंप परत करायला निघालो.

३० एप्रिल
आफ्रा आली. पाद्रीबाबांबरोबर, पांढरा रुमाल धरून, प्रेत न्यायला. मी म्हणालो, पोरी, तू यावीस म्हणूनच मी...

ती म्हणाली, "ठाऊक आहे, बाबा. निघताना हसत होता. म्हणाला, सासरेबुवांनी बोलावलंय."

हातगाडी तिने एकटीने ओढली. मला हात लावू दिला नाही.