पळण्याच्या तारेला बांधलेला दोरा

शुक्रवार पेठ, सोलापूर

चि. महेश्वर यास,

सिद्धारामचे आशीर्वाद. (मेव्हण्याला आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून दिले. मनापासून दिलेत असं समजू नकोस.) ती. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? तूर बरी आहे ना? तुझी तब्येत मी विचारत नाही. ती ठणठणीतच असणार, कारण दुसऱ्याचा जीव खाणाऱ्याला कधी काही होत नाही. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायला माझा हात तयार नाही. तुझी बहीण घरात नाही, मी स्वतः केलेलं पिठलं खातोय, आणि दिवाळी तोंडावर आली आहे. फोन केला की तू "रेंज न्हाई, दाजी" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र तुमच्या वळसंगच्या दुधवाल्याबरोबर पाठवतोय. (त्याला वळसंगात बसून रोज माझा फोन लागतो.)

भांडण कशावरून झालं ते शिवलीलेने तिथे सांगितलंच असेल, पण तिच्या बाजूने. माझी बाजू ऐक. तुमचे आण्णा गेल्यावर त्यांची जुनी गाडी तुम्ही सगळ्यांनी मिळून मला दिली. दसऱ्यापर्यंत ती अगदी गरीब गाय होती. दसरा झाला आणि तिच्या अंगात आलं. चावी फिरवली की इंजिन बोंबलायला लागायचं, तेही माझा पाय ऍक्सिलरेटरवर नसताना. पहिला गियर टाकला की गाडी आपली आपण निघायची आणि मी नुसता ब्रेकवर उभा. सिग्नलला थांबलो तर पोलीस काचेशी वाकून म्हणतो, "काय काका, रेस लावताय व्हय?" माझं वय काय, माझे गुडघे काय, आणि मी रेस लावणार! एवढं मात्र खरं, की गाडी चौकात वळली की आवाज घरापर्यंत पोचायचा आणि मी येईपर्यंत शिवलीला चहा टाकून दारात उभी असायची. पण एका चहासाठी माणसाने सोसावं तरी किती? एका संध्याकाळी मी सगळ्या गल्लीदेखत म्हणालो, हे भंगार उद्याच विकून टाकतो. झालं! तुझ्या बहिणीने पिशवी भरली. "माझ्या आण्णांची गाडी भंगार व्हय? न्यायला यायचं तर ह्याच गाडीतनं या. न्हाईतर येऊच नका," असं बजावून एसटीने निघून गेली. पाडव्याला ह्या माणसाला ओवाळणार कोण, हा प्रश्न तिला पडला नाही. मला रोज पडतो.

मग बसू मेकॅनिकचं तोंड बघणं आलं. कार्बोरेटरवर एक स्क्रू असतो, तो सैल केला की इंजिन शांत होतं, असं त्याचं म्हणणं. त्याने तो सैल केला. दुसऱ्या दिवशी आणखी सैल केला. मग सगळा कार्बोरेटर खोलून पेट्रोलमध्ये धुतला आणि पुन्हा सैल केला. शेवटी म्हणतो, "मालक, ह्यो स्क्रू संपला. ह्याच्या म्होरं फिरायचा न्हाय." एवढं सांगून तो चहा प्यायला गेला, इंजिन बोंबलतच राहिलं.

परवा मी म्हटलं, बोंबलत तर बोंबलत, पण बायकोला आणायचंच. निघालो. वळसंगच्या अलीकडे रस्त्यात मेंढरं आडवी आली. त्यांच्यामागची बाई हात वर करून ओरडते, "अवो, बंद करा की ते! मेंढरं बुजाय लागल्यात!" बंद केली. रागारागाने बॉनेट उघडलं, इंजिनाला चार शब्द सुनावायला वाकलो, तर चष्मा आत पडला. हात घालून चाचपतोय तर बोटांना लोकर लागली. क्षणभर वाटलं, एखादं मेंढरू आत शिरलं की काय. बघतो तर काळ्या लोकरीचा दोरा! ऍक्सिलरेटरच्या तारेला गुंडाळून शेजारच्या पत्र्याला गाठींवर गाठी मारलेला, वरून कुंकू, नारळाच्या पाण्याने भिजलेला, मग इंजिनाच्या उष्णतेने वाळून आक्रसलेला, आणि ती तार कायमची ताणून धरलेला.

हे काम कोणाचं, महेश्वर? खंडेनवमीला गाडीची पूजा करायला वळसंगहून कोण आलं होतं? दोरा बंपरला बांध म्हणालो तेव्हा मला शहाणपण कोणी शिकवलं, "दाजी, नजर पळण्याला लागती. जी तार गाडीला पळवती, तिलाच बांधाय पायजे की"? अरे, बैलाच्या शिंगाला बांध, कडबा कापायच्या यंत्राला बांध, स्वतःच्या गळ्यात बांध! माझ्या भरल्या संसाराला गाठ मारलीस, आणि वर नारळ फोडलास तोही माझाच!

पुढचं ऐक. दोरा सोडला. इंजिन शांत झालं, इतकं शांत की बंदच पडलं. बसूने स्क्रू पार सैल करून ठेवलेला, म्हणजे इतके दिवस गाडी तुझ्या दोऱ्यावरच चालत होती. मग कडब्याच्या ट्रॅक्टरला दोरखंडाने बांधून, वळसंगकडे पाठ करून, मी सोलापूरला परत आलो. त्या ट्रॅक्टरवाल्याने वाटेत भेटेल त्याला हात करून मला दाखवलं. बसूने तोच स्क्रू पुन्हा आवळला. आता गाडी आण्णांच्या हातात चालायची तशी चालते. माझा राग मात्र उतरलेला नाही.

सासूबाईंना नमस्कार. तुला काही नाही.

तुझा (नाइलाजाने) दाजी,
सिद्धाराम

ता. क. हे पत्र शिवलीलेला वाचून दाखवू नकोस. दाखवणारच असशील तर 'भंगार' हा शब्द गाळ.

आणखी ता. क. दोरा कोणी बांधला ते मी तिला सांगणार नाही, भाऊबीज तोंडावर आहे. तो फेकूनही दिलेला नाही. आतल्या आरशाला बांधलाय. आण्णांच्या गाडीला नजर लागू नये असं मलाही वाटतं.

शेवटचं, आणि पत्र लिहिलं ते ह्यासाठीच. धनत्रयोदशीला सकाळी येतोय, त्याच गाडीतून. पण गाडीचा आता आवाज होत नाही. मी वेशीत आलो तरी तिला कळायचं नाही. तेवढं तिला दारात उभं राहायला सांग.