काळ्या नळीचा सांधा

मु. पो. वरवंड, तालुका दौंड
चैत्र वद्य सप्तमी, १९६६

तीर्थरूप सोपानदाजींच्या पायी धाकटा मेहुणा हरिबा याचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळी बरी आहोत, किंबहुना एक माणूस वाढलं आहे, पण ते पुढे येईल. तुमचा खोकला मुंबईच्या हवेत कमी झाला की वाढला ते कळवावं. कुशाक्काला म्हणावं, जिना चढताना कठडा धर. (ती धरणार नाही, पण म्हणावं.)

तुम्ही कारखान्यातून धाडलेली काळ्या प्लॅस्टिकच्या नळीची गुंडाळी केडगाव स्टेशनात सुखरूप उतरली. पोच लगेच कळवायला हवी होती. पण नळी घरी येणं आणि पाणी घरी येणं यांत बरंच काही घडलं. आता पाणी आलं आहे, म्हणून सगळं लिहितो.

आमची विहीर संक्रांतीनंतर आटली हे तुम्हाला ठाऊक आहेच. ओढ्यापलीकडच्या इमामभाईंच्या विहिरीला मात्र पाणी टिकून आहे. इंजिन लावून ते उंचावरचा दगडी हौद भरतात. त्यांनीच आपणहून सांगितलं, "हरिबा, नळी घिऊन ये आन् हौदातनं पानी घे. उताराला हाय, आपसूक येईल." तोवर आमची कारभारीण गिताबाई ओढ्यात हंड्यासकट घसरली, उजवं मनगट लचकलं आणि पाणी आणायचं काम माझ्या डोक्यावर आलं. खरोखरच डोक्यावर. (हौदापाशी भरलेला हंडा दारात येईतो अर्धा होई आणि उरलेलं पाणी माझ्या सदऱ्यात असे.) त्यातच लेक साळू शिरूरच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला आलेली. एका सकाळी माझे हाल बघवेनात म्हणून ती कोणाला न सांगता घागर घेऊन निघाली. दिवस भरलेली पोर ओढ्यात उतरताना सुगराबीनं, म्हणजे इमामभाईंच्या बायकोनं, पाहिली. धावत येऊन घागर काढून घेतली, तिला हाताला धरून घरी आणून बसवलं आणि मला असं काही सुनावलं की ते पत्रात लिहिता येत नाही. त्या दिवसापासून साळूला घरी सोडून शेतावर जायचा माझा धीर होईना.

अशात तुमची गुंडाळी आली. ती बैलगाडीत घालून निघालो. वाटेत बांधलेली सुतळी तुटली आणि नळी जिवंत असल्यासारखी उसळून गाडीबाहेर पडली. बैल बुजले, मागं सरले आणि चाकाची लोखंडी धाव नेमकी नळीच्या मध्यावरून गेली. तेवढा भाग चेचून फाटला. तो कापून टाकल्यावर तुमच्या एका नळीच्या दोन नळ्या झाल्या. लोखंडी पाईपला आटे तरी असतात, इथं आत-बाहेर सगळं गुळगुळीत.

पहिल्यांदा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून वर तार आवळली. पाणी सोडलं तर सांध्यातून असा फवारा उडाला की इमामभाईंची कोंबडी नाहून निघाली. मग इमामभाई म्हणाले, प्लॅस्टिक आहे, तापवलं की चिकटेल. दोन्ही टोकं चुलीच्या जाळावर धरली. टोकांनी पेटच घेतला. जळते थेंब टपटप गळू लागले, एक माझ्या धोतरावर पडला (धोतराचं भोक तुम्हाला भेटीत दाखवीन), आणि विझवून जोडलेला सांधा काजळीमुळे हाताच्या झटक्यानं सुटला. घरात असा वास सुटला की साळू नाकाला पदर लावून गोठ्यात जाऊन बसली.

मी हताश होऊन नळी तिथंच टाकली. गिताबाईनं भाकरीचा तापलेला तवा उतरवून ठेवला तो नेमका नळीच्या टोकावर. उचलायला गेली तर नळी तव्याबरोबर वर आली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ती ते टोक ओढून काढून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये बगा, जाळ न लागता मऊ झालंय. कडा कशी गुळावानी चकाकतीया."

मग आम्ही तिघं बसलो. गिताबाईनं डाव्या हातात सांडशीनं तवा उभा धरला, एका बाजूनं मी नळीचं टोक टेकवलं, दुसऱ्या बाजूनं इमामभाईंनी. भाकरीला लागतो तितका तापला तर धूर येतो, फार निवला तर कडा धरत नाही, म्हणून तव्यावर पाण्याचा थेंब सोडून तो कसा चुरचुरतो यावरून ती ठरवायची. कडा चकाकली की ती म्हणे, "आता," आणि तवा झटकन काढी. आम्ही दोघं टोकाला टोक दाबून, श्वाससुद्धा हळू घेत, सांधा गार होईतो बसून. चौफेर फुगीर वळ उठला. ओढून पाहिलं, पिळून पाहिलं, इमामभाईंनी पाय रोवून हिसका दिला, सांधा हलला नाही. आम्ही दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली.

तेवढ्यात गोठ्यातून साळूनं विचारलं, "पर आबा, ह्यात पानी घालायचं कुठनं?"

दाजी, आम्ही एकाच तुकड्याची दोन टोकं एकमेकांना जोडली होती. अंगणभर मोठं काळं कडं पसरलं होतं आणि दुसरा तुकडा भिंतीशी तसाच. साळू इतकी हसली की गिताबाई घाबरून तिला गप्प करू लागली आणि स्वतःच हसत सुटली.

कडं कापलं, पुन्हा तवा तापवला, आणि या खेपेला टोकं कुणाची ते साळूकडून तपासून घेतलं. ओढ्यातून नळी नेऊन हौदाच्या तळच्या भोकात घट्ट बसवली. आधी नुसती हवा फुरफुरली, मग दारातल्या रांजणात धार पडली. गिताबाई धारेखाली दुखरा हात धरून कितीतरी वेळ उभी राहिली. 

दुसऱ्याच दिवशी दुपारी साळू मोकळी झाली. मुलगी आहे. सुगराबी उशाशी होती, सुईणीनं पाणी मागितलं की मिळत होतं, आणि कुणालाही ओढ्याकडे धावावं लागलं नाही. मी दारात बसून नुसती धार ऐकत होतो. तुम्ही कारखान्यात एवढ्या नळ्या करता, त्यांतली एखादी कुणाच्या दारात काय करते हे तुम्हाला कोण सांगणार? म्हणून मी सांगतो. तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत. बारशाला दोघंही या. साळूचे आई-आबा वाट बघतात.

तुमचा
हरिबा

ता. क. पत्र गिताबाईला वाचून दाखवलं. ती म्हणते, "आमी जोडली, आमी जोडली काय लिवलंय? तुमी नुसती धरली." तर दुरुस्ती करतो. सांधा तिनं केला.

आणखी एक. आज सकाळी बारशाचं बोलावणं द्यायला इमामभाईंकडे गेलो. सुगराबी डोक्यावर घागर, काखेत कळशी घेऊन हौदावरून घराकडे निघाली होती. त्यांचं घर हौदाच्या पलीकडच्या उताराला, जवळजवळ आमच्याइतकंच लांब. पाणी त्यांचं, हौद त्यांचा, आणि नळी आमच्या दारात. मी खाली मान घालून विचारलं, "भाभी, तुमी कवा बोलला न्हाईत?" तर म्हणाली, "आदी पोरीचं नीट होऊ द्या म्हनलं. मला सवय हाय."

तेव्हा दाजी, एवढं लांबलचक पत्र खरं तर यासाठी. आणखी एक गुंडाळी पाठवा, आणि पार्सलवर नाव माझं नको, सुगराबीचं घाला. मी दिली तर ती नको म्हणेल. तिच्या नावानं स्टेशनात उतरलेली गुंडाळी परत कशी धाडायची ते तिला ठाऊक नाही, आणि मी काही सांगणार नाही.