पांढऱ्या गळ्याची

चुडावा, ७ एप्रिल १९७४, रविवार

लय भ्या वाटायलंय. आमची थोरली अक्का रोज मिरवती, फुलातला रस पिणारे दोन्ही जातीचे शिंजीर पक्षी मलाच ओळखू येतात म्हणून. ओसरीतल्या खोप्याची मादी पांढऱ्या गळ्याची, लिंबावरची पिवळ्या गळ्याची. अक्काची जिरवावी म्हणून मी दोन्ही खोप्यांतून एकेक पिल्लू काढून आणलं.

"वळख बरं, कोणतं कुणाचं?"

अक्काचं तोंडच उतरलं. "मुडद्या, ह्यांना पिसं तरी हायेत का? गळा कुठून बघू? तूच काढलीस, तूच सांग."

मला कुठं ठावं? हसायच्या नादात दोन्ही एकाच मुठीत धरली होती. तरी पट्कन बोललो, "हे ओसरीतलं."

अक्का माझं कधीच खरं मानत न्हाई. आज मानलं. मी म्हणलो तसंच दोन्ही पिल्लं जपून खोप्यात ठेवली.

तवापासून पांढऱ्या गळ्याची ओसरीपुढच्या तारेवरच बसलीय, चोचीत किडा धरून. आत जाईना. चुकलं असंल का? पिल्लू उपाशी मरंल का?

दिवस बुडालाय. अंधारात पांढरा गळा तेवढा दिसतो. किडा अजून चोचीतच असंल.

उठतो अन् अक्काला सांगतो, मी खोटं बोललो. पण हे तरी तिला खरं वाटंल का?